बाहेर काय जातंय ते बघ

भाड्याची खोली बघायला गेले तेव्हा घरमालक काकांनी मला विचारलेला पहिला प्रश्न होता, "तुझ्या लॅपटॉपमध्ये काय काय आहे?"

न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये त्याआधी मी चार घरं बघितली होती. एकीकडे अंडंसुद्धा चालणार नव्हतं, एकीकडे रात्री नऊनंतर आंघोळ नाही, एकीकडे मैत्रिणी आणायच्या नाहीत. या सगळ्याची उत्तरं मी ट्रेनमध्ये घोकून आले होते. लॅपटॉपचा प्रश्न मात्र अभ्यासक्रमाबाहेरचा होता.

"म्हणजे ऑफिसचं काम, थोडे सिनेमे..." मी म्हटलं.

"ते नाही गं. तो बाहेर कोणाकोणाशी बोलतो?"

मी नागपूरची. इथे येऊन नेटवर्किंगमध्ये एमएस केलेलं, एका कंपनीच्या नेटवर्क टीममध्ये लागून तीन महिने झालेले. त्या वयात असतं तेवढं ज्ञान माझ्यापाशी भरपूर होतं. मी हसून म्हटलं, "काका, तो पुष्कळांशी बोलतो. सगळेच लॅपटॉप बोलतात."

"म्हणजे तुला माहीत नाही, असं सरळ म्हण की."

आतून काकू चिवड्याची बशी घेऊन आल्या. "आधी बसू तर दे तिला," म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून, "घाबरू नकोस. प्लंबर आला होता त्यालाही हेच विचारलं यांनी. त्याच्याकडे लॅपटॉप नव्हता."

खोली मिळाली. वरच्या मजल्यावरची, मागच्या अंगणाकडे खिडकी असलेली. किल्लीबरोबर काकांनी मला वायफायचा पासवर्ड दिला तो 'पाहुण्यांचा' होता. घरात दोन वायफाय होते. एक घरचं, त्यावर काकांचा कॉम्प्युटर, काकूंचा फोन आणि स्कॅनर. दुसरं पाहुण्यांचं, त्यावर मी, माझ्यासारखे येणारे-जाणारे, टीव्ही आणि काकांच्या शब्दांत 'ज्यांच्या कुळाचा पत्ता नाही अशी सगळी यंत्रं'. दोन्हींच्या मधे काकांची फायरवॉल, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्याला अडवणारा पहारा.

काका तेव्हा बहात्तर वर्षांचे. उंच, किंचित वाकलेले, घरातही अर्ध्या बाह्यांचा स्वेटर. न्यू जर्सीतल्या एका रसायनांच्या कारखान्यात त्यांनी आयुष्यभर मापयंत्रं सांभाळली होती. दाब किती, तापमान किती, कुठली नळी कुठे गळतेय. डाव्या तळहातावर अंगठ्यापासून मनगटापर्यंत एक गुळगुळीत, गुलाबी डाग होता. "व्हॉल्व्ह बंद केलाय, असं एकाने मला सांगितलं होतं," एवढंच ते त्याबद्दल बोलायचे. सांगणारा माणूस खोटारडा नव्हता, त्यांचा चांगला मित्र होता. त्याने दुसराच व्हॉल्व्ह बंद केला होता.

त्यांचा संशय माणसांच्या हेतूवर नव्हता, हे समजायला मला फार वेळ लागला. माणूस खोटं बोलतो असं त्यांना वाटत नसे. माणूस न बघताच बोलतो, असं वाटे.

नावाचंच घ्या. काका प्रत्येक ठिकाणी आपलं नाव थोडं वेगळं लिहून देत. दाताच्या डॉक्टरकडे आडनावात एक जास्तीचा 'एच', मिठाईच्या दुकानात एक 'ए' कमी, विमावाल्याकडे मधलं अक्षर चुकीचं. कुठे काय लिहिलंय हे एका कागदावर टिपलेलं. मग घरी जाहिरातीची पत्रं येत, त्यांवरचं नाव बघून काका सांगत, हे कोणी विकलं. एकदा कानाच्या मशीनची जाहिरात आली, तिच्यावर जास्तीचा 'एच' होता. काका ते पत्र घेऊन थेट दाताच्या दवाखान्यात गेले. काउंटरवरच्या मुलीला त्यांनी शांतपणे विचारलं, "माझे दात तुमच्याकडे आहेत. माझे कान कोणाकडे दिलेत?"

भारतीय दुकानांच्या ओक ट्री रोडवर भाजी आणायला मी कधीकधी त्यांच्याबरोबर गाडीतून जायचे. दुकानात फोन नंबर सांगितला की सूट मिळे. काका सूट सोडून देत. मागे रांगेत उभी असलेली माणसं कावायची. काकू बाजूला जाऊन कोथिंबीर निवडत बसायच्या, जणू या गृहस्थांची न् आपली ओळखच नाही.

ती फायरवॉल निवडायला काकांनी एक अख्खा हिवाळा घालवला होता, माझ्या येण्याच्या आधीचा. मला हा इतिहास काकूंकडून तुकड्यातुकड्यांनी कळला. कॉम्प्युटरबरोबर आलेली फायरवॉल होतीच, पण काकांनी सेटिंग उघडून बघितलं तर ती आत येणाऱ्यांना अडवत होती आणि बाहेर जाणाऱ्या कशालाही काही विचारत नव्हती. "हा कसला पहारेकरी? हा फक्त आत येणाऱ्याला हटकतो. घरातून कोणी गाठोडं घेऊन निघाला तर हा दार उघडून धरतो." मग त्यांनी बाजारातल्या दुसऱ्या चार आणल्या. एक फुकट होती, ती दोन दिवसांत काढून टाकली. फुकट राखण करणाऱ्याचा मालक कोण, हे तिच्या साइटवर कुठेच लिहिलेलं नव्हतं म्हणून. मग दोन फायरवॉल एकाच कॉम्प्युटरवर एकदम लावून बघितल्या. दोघी एकमेकींनाच चोर समजून अडवत बसल्या आणि कॉम्प्युटर गोठला. संक्रांतीच्या हळदीकुंकवाची यादी त्यात अडकली आणि त्या वर्षी काकूंनी बायका आठवतील तशा बोलावल्या.

शेवटी काकांनी ठरवलं ते, खरं सांगायचं तर, आमच्या कंपनीतल्या कोणीही ठरवलं असतं तसंच होतं. कॉम्प्युटरवर एकच, त्याच्याबरोबर आलेलीच, पण बाहेर जाणाऱ्यालाही अडवेल अशी कडक केलेली. आणि इंटरनेटची तार घरात येते त्या जागी, कपडे धुण्याच्या मशीनच्या वरच्या फळीवर, एका जुन्या कॉम्प्युटरची केलेली दुसरी फायरवॉल. घरातल्या प्रत्येक यंत्राला आत-बाहेर जाताना तिच्यासमोरून जावं लागे. तिचा पहिला नियम: सगळं बंद. त्यानंतर एकेकाला परवानगी.

प्रत्येक नव्या प्रोग्रॅमला कॉम्प्युटरवरची फायरवॉल अडवायची आणि पडद्यावर विचारायची: एकदा जाऊ देऊ, की नेहमी, की कधीच नाही? पहिले दोन आठवडे काका खुर्ची टाकून समोर बसले आणि प्रत्येकाला उत्तर दिलं. 'नेहमी' त्यांनी जवळजवळ कधीच दाबलं नाही.

"लग्नाच्या वेळीही यांनी 'एकदा'च दाबलं असणार," काकू म्हणायच्या. "अजून रोज विचारतात, आज काय बेत."

प्रिंटरला काकांनी बाहेर बोलायला कायमची बंदी केली होती. "त्याने छापावं. त्याला बाहेर कोणाशी काय बोलायचंय?" मी त्यांना समजावलं की शाई संपली की तो कंपनीला कळवतो. काका म्हणाले, "शाई संपली हे मला कागद बघून कळतं."

रोज सकाळी चहाबरोबर ते फायरवॉलची नोंद वाचायचे. काल कोणाला कोणाला अडवलं त्याची यादी. दुसरे लोक पेपर वाचतात तसं. मी ऑफिसला निघायची घाई करत असले की हाक मारायचे, "हे बघ, तुझा फोन काल चौदा ठिकाणी गेला होता. तू कुठे गेली होतीस?"

"ऑफिसला, काका."

"तू एका ठिकाणी आणि फोन चौदा ठिकाणी." आणि परत वर म्हणायचे, "आत काय येतंय ते सगळे बघतात. बाहेर काय जातंय ते बघ."

मला ते आवडायचे. हे आधी सांगायला हवं होतं, कारण पुढचं सांगितल्यावर कोणाला खरं वाटणार नाही. मी आजारी पडले तेव्हा ते खोलीच्या दाराबाहेर मऊ भाताचं ताट ठेवून दार ठोठावायचे, आणि मी "कोण?" विचारल्याशिवाय दार उघडलं तर रागवायचे.

त्यांचं हर्नियाचं ऑपरेशन ठरलं तेव्हा दोन दिवस ते दवाखान्यात राहणार होते. निघताना त्यांनी मला एक बंद पाकीट दिलं. आत फायरवॉलचा पासवर्ड होता. "काही बंद पडलं तर हिला मला फोनसुद्धा करता येणार नाही. तू बघशील." चाळीस वर्षं संसार केलेल्या काकूंनाही हा पासवर्ड माहीत नव्हता. परत आल्यावर मी पाकीट द्यायला गेले, तर म्हणाले, "राहू दे तुझ्याकडे." मला त्याचं महत्त्व तेव्हा कळलं होतं, आणि तरीही.

त्यांची मुलगी टेक्ससमध्ये फ्रिस्कोला असते. तिला मी ताई म्हणायचे. तिला दोन मुलं. त्या वर्षी दिवाळीला ताईने आईबाबांसाठी एक फोटोफ्रेम पाठवली. डिजिटल. ताईने तिकडे फोनवरून फोटो टाकला की इकडे दोन मिनिटांत फ्रेमवर दिसायचा. काकूंनी ती स्वयंपाकघरात ओट्यावर ठेवली. नातू सायकल शिकतोय, नातीचा दात पडलाय, दोघं बागेत चिखलात लोळतायत. काकू पोळ्या लाटताना त्यांच्याशी बोलायच्या.

काकांनी तिला पाहुण्यांच्या वायफायवर जागा दिली, आणि फक्त फोटो जिथून येतात तेवढ्याच ठिकाणी जायची परवानगी. काही आठवडे ठीक चाललं. मग एके सकाळी चहाच्या वेळी काका म्हणाले, "ही फ्रेम आपल्या कॉम्प्युटरचं दार वाजवतेय."

"म्हणजे?"

"पाहुण्यांच्या खोलीत ठेवलीय तिला. आणि ती आतल्या घराचा पत्ता शोधत फिरतेय. काल दिवसभर. परवाही."

मी घड्याळ बघत होते. ट्रेन चुकणार होती. "काका, डिस्कव्हरी म्हणतात त्याला. घरातली यंत्रं एकमेकांना शोधत असतात. नॉर्मल आहे."

"तू बघितलंस?"

"बघायला कशाला हवं? सगळ्यांचंच तसं असतं."

खरं म्हणजे तसं नसतं. यंत्रं एकमेकांना शोधतात ती आपल्याच वायफायवर. दुसऱ्या वायफायच्या दारापर्यंत ती अशी जात नाहीत. नोंदीच्या चार ओळी वाचल्या असत्या तर ते मला दिसलं असतं. हेच काम मी आठवड्याचे पाच दिवस पगार घेऊन करत होते. पण सांगणारे काका होते, आणि काकांच्या सगळ्या संशयांची मला सवय झाली होती.

काकांनी फ्रेमचं बाहेर जाणं पूर्ण बंद केलं. ती नातीच्या पडलेल्या दातावर थांबली. काकू चार दिवस त्या एकाच फोटोकडे बघत पोळ्या लाटत होत्या. मग ताईचा व्हिडिओ कॉल आला आणि नातवाने विचारलं, "आजोबा, व्हाय डिड यू टर्न अस ऑफ?" काका काहीतरी उत्तर द्यायला गेले, पण मूल तोवर पळून गेलं होतं.

त्याच सुमारास आणखी एक गोष्ट झाली. फोनवर हुबेहूब मुलाचा किंवा नातवाचा आवाज काढून म्हाताऱ्यांना फसवतात, असं काकांच्या कानावर आलं होतं. तेव्हापासून ताईचा फोन आला की ते आधी विचारायचे, "तिसरीत तुला शिकवायला कोण बाई होत्या?" उत्तर बरोबर आलं की मग "बोल बेटा." ताईला वाटलं, बाबा आपल्याला ओळखत नाहीत.

तिने मला फोन केला. ती रडवेली झाली होती. "तू तिथे राहतेस, रोज बघतेस. शिवाय तुला नेटवर्कमधलं कळतं. ती फ्रेम खरंच काही करतेय का? का बाबांचं काहीतरी... मला एकजण म्हणाली, विसराळूपणाच्या आजारात आधी असाच संशय वाढतो. डॉक्टरांना दाखवू का?"

मी तिला सांगितलं, फ्रेममध्ये काही नाही. आणि नंतर मेसेजही लिहिला: 'ताई, काकांचं हल्ली थोडं जास्तच होतंय. दाखवून घेतलेलं बरं.' तो मेसेज मी ऑफिसच्या कँटीनमध्ये, सँडविच खाता खाता लिहिला. अर्धं मिनिट लागलं असेल.

त्याच आठवड्यात काका ऑपरेशननंतरच्या तपासणीला दवाखान्यात गेले होते तेव्हा काकू माझ्या खोलीत आल्या. त्या कधी वर येत नसत, गुडघे दुखायचे. दारात उभं राहून म्हणाल्या, "तुझ्याकडे ते पाकीट आहे ना गं? तेवढी मुलं चालू करून दे."

"काकू, काका..."

"त्यांना मी सांगेन सावकाशीने. पोरीने हौसेने पाठवलीय."

मी खाली जाऊन फायरवॉल उघडली. फ्रेमला कुठे कुठे जाऊ द्यायचं हे एकेक शोधून लिहायला तासभर लागला असता. मला ऑफिसची मीटिंग होती. मी सरळ सगळ्यांच्या वर एक नियम टाकला: फ्रेमला कुठेही, केव्हाही जाऊ द्या. तरी नवे फोटो येईनात, कारण इतके दिवस बंद राहिलेली फ्रेम नव्याने जोडावी लागत होती, आणि त्यासाठी फोनवरच्या अ‍ॅपला फ्रेम आणि काकूंचा फोन एकाच वायफायवर हवे होते. म्हणून फ्रेमला पाहुण्यांच्या वायफायवरून उचलून घरच्या वायफायवर आणलं. पाच मिनिटांत चिखलातली मुलं फ्रेमवर परत आली. काकूंनी माझ्या गालावरून हात फिरवला. फ्रेम त्यांनी, ओट्यावर अडचण होते असं काकांना सांगून, शिवणाच्या मशीनच्या खोलीत नेऊन ठेवली. काका तिकडे फिरकत नसत.

नियमाला नाव द्यावं लागतं. मी 'टेंप' असं नाव दिलं. तात्पुरता.

अकरा दिवस गेले. अकराव्या दिवशी शनिवार होता. सकाळी मी खाली आले तर काका चहा न पिता नोंदीसमोर बसले होते.

"फ्रेम गप्प झाली," म्हणाले.

मी कप शोधत विचारलं, "बंदच आहे ना ती?"

"बंद असतानाही ती दिवसाला शंभरदा दार वाजवायची. मी अडवायचो, नोंद व्हायची. दहा-अकरा दिवस एकदाही नाही. जो इतका हट्टाने दार वाजवत होता, तो आपण होऊन थांबेल का? की त्याला दार उघडं सापडलंय?"

ते अडवलेल्यांचीच यादी रोज वाचायचे. ज्यांना जाऊ दिलं त्यांची वाचत नसत, कारण त्यांना परवानगी त्यांनी स्वतः दिलेली असे. आता त्यांनी ती दुसरी यादी उघडली. मी मागे उभी होते. सांगून टाकावं असं मनात आलं, पण मी त्यांच्या खांद्यावरून यादीच वाचत राहिले.

यादीत फ्रेम होती. पानंच्या पानं. ज्या यंत्राचं काम फोटो घेण्याचं, त्याने घेतलं होतं थोडं आणि बाहेर पाठवलं होतं त्याच्या कितीतरी पट. ताईच्या फोटोंच्या ठिकाणी नव्हे, भलत्याच तीन पत्त्यांवर. आणि त्याआधी, घरच्या वायफायवर आल्याच्या दुसऱ्याच दिवसापासून, ती काकांच्या कॉम्प्युटरवरच्या एका फोल्डरमध्ये जात-येत होती. स्कॅनरसाठी उघडा ठेवलेला फोल्डर. त्यात दोघांचे पासपोर्ट, नागरिकत्वाचे कागद, काकूंच्या गुडघ्यांचे रिपोर्ट, ताईच्या जन्माचा दाखला.

काकांनी वरचा नियम बघितला. "हा मी लिहिलेला नाही."

काकू दारात येऊन उभ्या होत्या. "मी केलं," म्हणाल्या.

काकांनी त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही. काकूंना टीव्हीचा रिमोटही धड जमत नसे.

"मी केलं, काका," मी म्हटलं.

ते उठले. शिवणाच्या खोलीत जाऊन त्यांनी फ्रेमची वायर काढली. परत येऊन म्हणाले, "बस इथे. पेन घे." मग पुढचे दोन दिवस आम्ही काम केलं. सगळे पासवर्ड बदलले. बँकांना, सरकारी कचेऱ्यांना, डॉक्टरांना फोन केले. कोणी त्यांच्या नावावर काही उघडू नये म्हणून नावाला कुलूप लावून घेतलं. कॉम्प्युटर पुसून नव्याने बसवला. काका मला फक्त कामाचं बोलत होते. हे वाच. तो नंबर लाव. पुन्हा वाच. काकू जेवायला वाढत होत्या आणि कोणीही धड जेवत नव्हतं. नक्की काय काय गेलं, कोणाच्या हाती लागलं, हे आम्हाला आजतागायत कळलेलं नाही. त्याचा कोणी काही उपयोग केल्याचंही दिसलेलं नाही. काका म्हणाले, "दिसलेलं नाही एवढंच म्हण."

रविवारी संध्याकाळी सगळं आटोपल्यावर त्यांनी विचारलं, "टेंप म्हणजे तात्पुरता ना? म्हणजे काढणार होतीस?"

"हो."

"कधी?"

मी टेबलावरचे कागद गोळा करायला लागले. ते उठून अंगणात गेले.

त्यांनी मला घर सोडायला सांगितलं असतं तर मला सोपं गेलं असतं. त्यांनी तसं काही केलं नाही. पण सकाळी नोंद वाचताना मला हाक मारणं बंद झालं. मी 'निघते' म्हटलं की मान हलवायचे. मी ते पासवर्डचं पाकीट त्यांच्या टेबलावर ठेवून आले, ते त्यांनी खणात टाकलं.

मी ठरवलं की ताईला सगळं सांगायचं. आधी काकांना सांगितलं, त्या मेसेजसकट. 'दाखवून घेतलेलं बरं' हे शब्द त्यांच्यासमोर उच्चारताना मला खाली बघावं लागलं.

काकांनी ऐकून घेतलं. "फ्रेमचं तिला सांगायचं नाही," म्हणाले. "मी तिला सांगितलंय, माझ्या हातून पडून फुटली."

"पण का? तुमचं बरोबर होतं. सगळ्यांना कळायला हवं."

"तिने लेकरांचे फोटो दिसावे म्हणून पाठवली. तिला काय सांगू, तू आईबापाच्या घरात चोर पाठवलास? जन्मभर तेच घेऊन बसेल. तिच्या घरी तसली फ्रेम नाही, सासरी नाही, मी विचारून घेतलंय. मग कशाला?"

"आणि तिला वाटतंय की तुम्हाला... तुमच्या हातून आता वस्तूही पडतात..."

"वाटू दे. डॉक्टरकडे न्यायचं म्हणतेय ना, जाईन. तपासून घ्यायला माझी कधी ना होती?"

फ्रेम फुटली, हे तेवढं एकच खोटं मी त्यांच्या तोंडून ऐकलं. मी ताईला माझ्यापुरतं लिहिलं: 'काकांबद्दल मी जे लिहिलं ते नीट न बघता लिहिलं होतं. ते अगदी सावध आहेत. चूक माझी होती.' तिने उत्तरात फक्त आभार मानले. तिला माझ्या पहिल्याच मेसेजवर जास्त विश्वास होता.

मार्चमध्ये ती आली आणि काकांना तपासणीला घेऊन गेली. डॉक्टरांनी घड्याळ काढायला लावलं, पाच शब्द लक्षात ठेवायला सांगितले, शंभरातून सात सात वजा करायला लावले. काकांनी सगळं केलं. मात्र त्याआधी फॉर्मची नऊच्या नऊ पानं वाचली, आणि ही उत्तरं कुठल्या कॉम्प्युटरमध्ये राहणार, तो कोणाकोणाशी बोलतो, हे डॉक्टरांना विचारलं. डॉक्टरांना माहीत नव्हतं. त्यांनी कोणालातरी फोन करून विचारलं. त्यालाही माहीत नव्हतं.

निकाल चांगला आला. काकूंनी दवाखान्याबाहेर येऊन मला सांगितलं, "डॉक्टर म्हणाले हा आजार नाही, स्वभाव आहे. मी म्हटलं, आजार असता तर औषध तरी मिळालं असतं." आणि पदराने डोळे पुसले. मग ताईने त्यांना मिठी मारली आणि दोघी बराच वेळ तशाच उभ्या राहिल्या. काका पार्किंगमध्ये गाडीचं दार लागलंय की नाही ते बघत होते.

त्या उन्हाळ्यात मला कॅलिफोर्नियात, सनीव्हेलमध्ये नोकरी मिळाली. निघाले त्या दिवशी काकांनी माझ्या बॅगा गाडीत ठेवल्या, दर वेळी उचलून वजन बघून. विमानतळावर उतरताना मी वाकून नमस्कार केला तेव्हा म्हणाले, "चांगलं कर." काय चांगलं करायचं, ते सांगितलं नाही.

नंतर सणावाराला काकूंशी फोन होत राहिले. काकांचा आवाज मागून यायचा, कधी खुशाली विचारायचे, तेवढंच. दोन वर्षं अशी गेली. आणि गेल्या महिन्यात एका रविवारी दुपारी त्यांचाच फोन आला.

"वेळ आहे तुला? घाईत असलीस तर नको. मग पुन्हा करीन."

"आहे, काका."

"जुनी मशीन जळली. नवीन फायरवॉल बसवतोय. हिच्यात दोन जणांना अधिकार द्यायची सोय आहे. उद्या मला काही झालं तर हिला घरातलं काहीच चालवता येणार नाही. म्हणून दुसरं नाव तुझं घातलंय."

"काका, माझं? एवढं सगळं होऊन? तुमच्या ओळखीचे इतके नेटवर्कवाले आहेत तिथे."

"आहेत की. हुशार आहेत सगळे. पण आपण चुकलो की काय होतं, ते माझ्या स्वयंपाकघरात उभं राहून त्यांच्यातल्या कोणी बघितलेलं नाही."

मागे काकू कोणाला तरी, बहुधा त्यांनाच, जेवायला हाक मारत होत्या. तिकडे संध्याकाळ झाली असणार.

मी लॅपटॉप उघडला. काकांनी दिलेल्या पत्त्यावर गेले आणि नियमांची यादी समोर आली. सत्तावीस नियम होते. सगळे त्यांनीच लिहिलेले, सगळे बरोबर दिसत होते. 'सगळं बंद'च्या नंतरचा पहिला मी वाचला. मग पुन्हा वाचला.

"काका," मी म्हटलं, "हा पहिला कशासाठी आहे?"

पलीकडे खुर्ची ओढल्याचा आवाज आला. "थांब," काका म्हणाले, "चष्मा लावतो. सगळं सांगतो."